खोटी नोट, खोटा आवाज

"खोटी नोट छापणाऱ्याला आत टाकतात ना? मग खोटा आवाज छापणाऱ्याला मोकळं का सोडायचं?"

हा प्रश्न माझ्या मामांचा. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली, त्यामुळे खऱ्या-खोट्याबद्दल ते बोलायला लागले की घरात कुणी मध्ये तोंड घालत नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारनं आयटी नियम बदलले. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या चित्राला, आवाजाला लेबल सक्तीचं झालं आणि सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर मजकूर काढायची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. तेव्हापासून मामांचा हा प्रश्न घरच्या ग्रुपवर फिरतो आहे आणि त्याखाली खास माझ्यासाठी एक ओळ असते: "तुमच्या कॅलिफोर्नियात तर कोर्टानंच खोटं बोलायचा परवाना दिलाय."

त्या ओळीला अंगठे पडतात. मावसभावाचा, त्याच्या बायकोचा, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचासुद्धा. मला खरा राग त्या अंगठ्यांचा येतो. मामांनी निदान प्रश्न तरी विचारला. बाकीच्यांनी निकाल काय आहे हेही न वाचता मान डोलावली.

म्हणून आधी इथं काय झालं ते सांगते. जुलै २०२४ मध्ये ख्रिस्तोफर कोल्स नावाच्या यूट्यूबरनं कमला हॅरिस यांच्या प्रचाराच्या जाहिरातीचं विडंबन केलं. आवाज हुबेहूब त्यांचा, आणि त्या आवाजात स्वतःलाच नालायक ठरवणारी वाक्यं. मूळ व्हिडिओवर हे विडंबन असल्याचं त्यानं लिहिलं होतं. इलॉन मस्क यांनी तो पुढं पाठवताना ते लिहिलं नाही, आणि कोट्यवधी लोकांपर्यंत तो तसाच गेला. आमचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम संतापले. असला प्रकार बेकायदा असायला हवा आणि काही आठवड्यांत आपण तशा विधेयकावर सही करणार आहोत, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. १७ सप्टेंबर २०२४ ला निवडणुकीतल्या फसव्या बनावट मजकुराविरुद्धच्या त्या कायद्यावर सही झाली. कोल्स लगोलग फेडरल कोर्टात गेला आणि २ ऑक्टोबरला सॅक्रामेंटोचे न्यायाधीश जॉन मेंडेझ यांनी त्या कायद्याच्या बहुतेक भागाला मनाई केली. निव्वळ ध्वनिफितींवर त्या बनावट असल्याची सूचना देण्याची अट तेवढी त्यांनी तेव्हा राहू दिली. जिथं शस्त्रक्रियेची सुरी हवी तिथं हा कायदा घण चालवतो, अशा अर्थाचं वाक्य त्यांच्या आदेशात आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या विरोधात म्हणून रद्द केला. मोठ्या संकेतस्थळांवर असा मजकूर काढायची सक्ती करणारा दुसरा कायदाही त्याच महिन्यात गेला, तो मात्र वेगळ्या कारणानं. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळांना संरक्षण देणारा १९९६ चा केंद्रीय कायदा त्याच्या आड आला.

हे कोर्ट फॉल्सममधल्या माझ्या घरापासून गोल्ड लाइन या लोकल गाडीनं तासाभरावर आहे. निकाल आला तेव्हा मी तो पूर्ण वाचला आणि वाचून मला आनंद झाला. कोल्सबद्दल मला जराही प्रेम नाही. मला मत असतं तर ते हॅरिसना गेलं असतं. चेन्नईत जन्मलेल्या आणि इथं शिकायला आलेल्या श्यामला गोपालन यांची मुलगी अध्यक्षपदापर्यंत पोचते का, याकडे आमच्यासारख्या घरांनी श्वास रोखून पाहिलं होतं. तो व्हिडिओ ऐकताना मला अपमान झाल्यासारखं वाटलं. तरीही तो बनवणाऱ्याला थांबवायचा अधिकार न्यूसम यांच्या सरकारला नाही, हे न्यायाधीशांचं म्हणणं मला पटलं. मला आवडत नसलेल्या माणसाच्या बाजूनं निकाल लागला आणि तो मला पटला, हे मामांना कळत नाही. त्यांना वाटतं, मी अमेरिकेची वकिली करते आहे.

आता नोटेकडे येते. मामांना मी पहिल्यांदा उत्तर दिलं ते असं: मामा, खेळातली नोट तुम्हीच मला आणून द्यायचात. सिडकोतल्या आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं दुकान-दुकान खेळायचो, त्या 'चिल्ड्रन बँके'च्या नोटांवर. त्या छापणाऱ्याला कुणी धरलं का? मामांनी पाच मिनिटांत उत्तर टाकलं: "अगं, त्यावर चिल्ड्रन बँक असं लिहिलेलं असतं. सरकार तेवढंच तर म्हणतंय, लिहा."

उत्तर चोख होतं. दोन दिवस मी विचार करत होते. मग मी त्यांना कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली अट लिहून पाठवली. विडंबनावरसुद्धा सूचना हवी, आणि तिची अक्षरं व्हिडिओतल्या इतर सगळ्यात मोठ्या अक्षरांइतकी तरी मोठी हवीत. कोल्सच्या व्हिडिओत तशी अक्षरं घातली तर अख्खा पडदा सूचनेनंच भरतो, आणि ही गोष्ट न्यायाधीशांनीही नोंदवली. दिल्लीनंही ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात चित्राचा दहावा हिस्सा लेबलनं व्यापावा असं म्हटलं होतं. अंतिम नियमांत तो दहावा हिस्सा वगळला, ते चांगलं झालं. विडंबनाचा जीव पहिल्या दोन क्षणांत असतो, ऐकणाऱ्याला आधी खरं वाटतं आणि मग लख्ख कळतं. ते कळण्याआधीच सरकारी पाटी लावली तर उरतं काय? लेबलला माझा सरसकट विरोध नाही. पाटी किती मोठी, कुणी ठरवायची आणि नाही लावली तर शिक्षा काय, यावर माझा वाद आहे.

आणि नोट आणि आवाज यांत मुळात एक फरक आहे, तो मामांनी आजवर मान्य केलेला नाही. नोटेला जारी करणारा एकच आहे. खरी कोणती हे रिझर्व्ह बँक सांगू शकते, कारण खरी तिनंच काढलेली असते. राजकारणातल्या खऱ्याची छपाई कुठल्याही सरकारी प्रेसमध्ये होत नाही. तिथं सरकार स्वतः एक पक्ष आहे. त्याच्याच हाती भिंग दिलं, तर तपासलं काय जाईल आणि सोडलं काय जाईल?

हे मी अमेरिकेत शिकले असं कुणी म्हणू नये. हे मला महाराष्ट्रानं दाखवलं. १९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र आठवा. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून बिटकॉइनच्या पैशांबद्दल बोलणारे आवाज भाजपनं लोकांपुढं आणले. दोघांनीही हे आवाज आपले नाहीत म्हणून सांगितलं, सुळेंनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. अजित पवारांनी आवाज ओळखीचा असल्याचं सांगितलं. तथ्यतपासणी करणाऱ्यांनी क्लिप तपासून त्या यंत्रानं बनवलेल्या असण्याची दाट शक्यता वर्तवली. मामा तेव्हा किती चिडले होते! "मतदानाच्या आदल्या रात्री असं करतात, याला फाशी हवी," असा त्यांचा आवाजी निरोप माझ्याकडे अजून आहे.

माझं त्यांना एवढंच विचारणं आहे: तीन तासांचा नियम तेव्हा असता, तर आदेश कुणी काढला असता? ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनुसार असा आदेश सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी देतो, पोलिसांकडून असेल तर खास अधिकार दिलेला उपमहानिरीक्षक. ही माणसं कुणाच्या हाताखाली असतात? ज्यांनी क्लिप आणली त्यांचंच सरकार केंद्रात. मामांना ज्या रात्री हा नियम सर्वांत जास्त हवा होता, त्याच रात्री तो त्यांच्या कामी आला नसता. उलट, ती क्लिप खोटी आहे असं सांगणारा एखादा व्हिडिओच तीन तासांत नाहीसा होण्याची भीती मला जास्त वाटते.

यावर ग्रुपवर कर्नाटकचा निकाल आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं मजकूर काढायचे आदेश ज्यावरून पाठवले जातात त्या सरकारी 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्स कंपनीची याचिका फेटाळली आणि अमेरिकेतला अभिव्यक्तीचा विचार भारतात जसाच्या तसा आणून लावता येणार नाही, असं बजावलं. भाच्यानं ते लाल रंगात अधोरेखित करून पाठवलं. मावशी, वाच.

वाचलं, बाळा. आता तू तुझ्याच राज्यातलं वाच. सरकारच्या कामाबद्दलचा मजकूर खरा की खोटा हे सरकारचीच एक शाखा ठरवील, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदवीर कुणाल कामरानं त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं वेगळी पडली. प्रकरण न्या. अतुल चांदूरकरांकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला. तारीख पाहा. न्यूसम यांच्या सहीनंतर तिसऱ्याच दिवशी, आणि मेंडेझ यांच्या मनाईच्या आधी. सॅक्रामेंटोत काही व्हायच्या आत फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत हा प्रश्न सुटला होता, तोही आपल्याच राज्यघटनेच्या आधारे. एकोणिसाव्या कलमात वाजवी निर्बंधांची यादी आहे, हे मला ठाऊक आहे. त्या यादीत "सरकारला खोटं वाटलं" असा निर्बंध नाही. मग परकं काय त्यात? आपल्याच कोर्टाचा निकाल विसरून माझ्यावर परदेशी असल्याचा शिक्का मारायचा, हे मला सहन होत नाही.

पालघरही विसरलात का सगळे? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब गेले, मुंबई बंद झाली. एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना पोलिसांनी अटक केली. आयटी कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा असा वापर झाला, ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. ते कलम आलं तेव्हाही आपल्या घरात सगळे म्हणालेच असतील, बरं झालं, इंटरनेटवर फार घाण वाढली आहे.

बाळासाहेबांवरून आमच्यात सर्वांत अवघड बोलणं झालं. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या शिबिरात उद्धव सेनेनं त्यांचं यंत्रानं बनवलेलं भाषण ऐकवलं. तो ठसका, तो 'जमलेल्या माझ्या...'चा सूर. मामा जुने शिवसैनिक. त्यांनी ती क्लिप मला पाठवली आणि खाली फक्त हात जोडले. मी ती गाडीत ऐकली, हायवे ५० वर. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेली सभा आठवली आणि डोळे भरून आले. मेलेल्या नेत्याच्या तोंडी त्यानं कधी न उच्चारलेली वाक्यं, आजच्या विरोधकांवर टीका करणारी. भाजपनं त्यावर आक्षेप घेतला. मी मामांना विचारलं, मग हा खोटा आवाज कसा चालला? ते म्हणाले, "तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की साहेब नाहीत." बरोबर. अगदी बरोबर. ऐकणाऱ्याला कळतं, त्याच्या अकलेवर विश्वास ठेवायला हवा, हेच तर मेंडेझ यांच्या कोर्टात कोल्सचं म्हणणं होतं. आपल्या साहेबांच्या वेळी नाशिककरांच्या अकलेवर विश्वास, आणि दुसऱ्यानं आपल्या नेत्याचा आवाज काढला की लोक भोळे? स्वतः बाळासाहेब व्यंगचित्रकार होते, १९६० मध्ये त्यांनी व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. नेत्यांची नाकं त्यांनी खऱ्यापेक्षा किती लांब काढली! त्यांना कुणी तीन तासांची मुदत दिली असती, तर?

एवढं बोलून झाल्यावर मामांनी जे लिहिलं त्यानं मी गप्प झाले. "तू तिथं काय बोलतेस ते सांग एकदा."

मी इथं काहीही बोलत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज कधीच मंजूर झालाय, पण रांग हलत नाही. माझी मुलगी इथं जन्मली, डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्स काढताना तिनं मतदार म्हणून पूर्वनोंदणीसुद्धा केली. १८ ऑक्टोबर २०२५ ला सॅक्रामेंटोच्या कॅपिटॉलसमोर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध 'नो किंग्ज'चा मोर्चा होता. ती मैत्रिणींबरोबर पाटी घेऊन गेली. मी तिला सोडलं, दोन गल्ल्या पलीकडे पार्किंग केलं आणि गाडीत बसून राहिले. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांनी स्वतः एक कृत्रिम व्हिडिओ टाकला: मुकुट घातलेले ते विमानातून मोर्चेकऱ्यांवर घाण ओततात. मामांनी तो पाठवून विचारलं होतं, हाच का तुझा आदर्श देश? मी लिहिलं की राष्ट्राध्यक्ष लोकांची अशी टवाळी करू शकत असतील, तर लोकांनाही त्यांची तशीच टवाळी निर्धास्तपणे करता यायला हवी, आणि त्यासाठीच मेंडेझ यांचा तो निकाल हवा. लिहिलं खरं, पण मराठीत, घरच्या ग्रुपवर. इंग्रजीत, माझ्या नावानं, मी असं एक वाक्यही लिहिलेलं नाही.

डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीच्या व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवायला सांगतात आणि तपासतात. वकिलानं सांगितलं, प्रवास टाळा, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेण्याची, म्हणजे स्टॅम्पिंगची, वेळ मिळाली तरी ती पुढं जाऊ शकते. त्या आठवड्यात मी रात्री बसून जुन्या पोस्ट काढल्या. राष्ट्राध्यक्षांचं शेअर केलेलं एक व्यंगचित्र, गाझाबद्दलच्या दोन ओळी, इतकंच काय, नाशिकच्या कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्याविरुद्धची एक मराठी पोस्टसुद्धा, कारण अधिकाऱ्याच्या यंत्राला तिच्यातला राग कसा दिसेल हे मला सांगता येईना. इथल्या कायद्यानं मला बोलायला बंदी केलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनच्या एका फेडरल न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं की कायदेशीरपणे राहणाऱ्या परक्या नागरिकांनाही अभिव्यक्तीचं तेच संरक्षण आहे. तो निकालही मी वाचला, जपून ठेवला. पण माझी नोकरी, घराचा हप्ता, मुलीचं कॉलेज हे सगळं एका शिक्क्यावर अवलंबून आहे, आणि ती भीती निकालानं जात नाही.

हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी हरले. मला तसं वाटत नाही. बंदी न घालताही माणूस कसा गप्प होतो, हे मी आता आतून पाहिलं आहे. तपासणारा अधिकारी काही बोलत नाही, कुणाला पकडत नाही. आपणच रात्री बसून आपली वाक्यं पुसतो. तीन तासांच्या नियमानं नाशिकमधला एखादा व्यंगचित्रकार, एखादा रील करणारा पोरगा तुरुंगात जाईलच असं नाही. तो फक्त पुढच्या वेळी नेत्याचा आवाज काढणार नाही. कामराच्या कार्यक्रमानंतर मार्च २०२५ मध्ये खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली, तेव्हा किती विनोदवीरांनी आपली वाक्यं गाळली असतील, त्याची नोंद कुठल्याच कोर्टात होणार नाही.

मग काहीच नको का? हवं. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडन यांच्या आवाजात फोन गेले, प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका म्हणून. तो आवाज बनवून घेणाऱ्या राजकीय सल्लागाराला दळणवळण आयोगानं ६० लाख डॉलर दंड केला. फौजदारी खटल्यात मात्र ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं, त्याचं मला वाईट वाटतं. मतदानाची तारीख, केंद्र, हक्क याबद्दल फसवणारा आवाज हा मताची चोरी आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. उमेदवार बाईचं अश्लील बनावट चित्र, त्यालाही. हे गुन्हे नेमके लिहिता येतात. निवडणुकीच्या काळात उच्च न्यायालयात रात्री-अपरात्री बसणारं खंडपीठ असावं, दोन्ही बाजू ऐकावी, कारण लिहून आदेश द्यावा. सहसचिवांनी नव्हे.

मामांचं यावर शेवटचं म्हणणं असं: "कोर्ट बसेपर्यंत मतदान संपलेलं असेल. किंमत आम्ही मोजायची आणि सल्ला तू फॉल्सममधून द्यायचा." कधी कधी मतदान संपलेलं असेल, हे खरं आहे. किंमत ते मोजतील, हेही खरं आहे. माझं पासपोर्टवरचं नागरिकत्व अजून भारताचं आहे, पण मत द्यायचं तर नाशिकला प्रत्यक्ष हजर राहायला हवं, आणि वकील म्हणतो प्रवास टाळा. इथं मत नाही, तिथं पोचता येत नाही. राजकारणात माझ्या हाती एवढं बोलणंच उरलं आहे. म्हणून मामा, तुम्ही रागावलात तरी मी हे म्हणत राहणार: तो तीन तासांचा नियम परत घ्यायला लावा, तुमचा पक्ष उद्या सत्तेत आला तरी.